ऑईल फिल्टर वारंवार सैल होत असेल, तर आधी वायरकडे बोट दाखवू नका

फिल्टर नवा बसवला, टॉर्क रेंचने (ठरावीक जोराला टिचकी देणाऱ्या पान्याने) घट्ट केला, तो उलट फिरू नये म्हणून सेफ्टी वायर मारली, इंजिन चालवून पाहिले आणि कुठेही थेंब दिसला नाही. तरीही दहा-बारा उड्डाणतासांनंतर काऊलिंग, म्हणजे इंजिनावरचे आवरण, उघडले की फिल्टरच्या बुडाशी तेलाची ओली कड, खाली फायरवॉलवर (इंजिनामागच्या पत्र्याच्या भिंतीवर) उतरलेला ओघळ आणि बोटाने ढकलली की हलणारी वायर दिसते. विमानांच्या लहान पिस्टन इंजिनांची देखभाल करणाऱ्या बहुतेकांना हा अनुभव कधी ना कधी येतो, आणि तो एकदा आला की पुढच्या तेलबदलानंतरही पुन्हा येतो, कारण आपण दरवेळी तोच उपाय त्याच जागी करत राहतो.

माझ्याकडे देखभालीला असलेल्या एका चार आसनी विमानाच्या बाबतीत हे सलग तीन तेलबदलांनंतर घडले. इंजिन लायकॉमिंगचे चार सिलिंडरांचे होते आणि त्यावर आटे असलेला, फिरवून बसवायचा फिल्टर होता. पहिल्या वेळी मी वायर सैल मारली गेली असे समजून ती नव्याने मारली. दुसऱ्या वेळी ती आणखी ताणून, पीळ वाढवून मारली. तिसऱ्या वेळी ती वायर फिल्टरच्या टोकाला पाना लावायला असलेल्या षटकोनाजवळ तुटलेलीच सापडली, आणि तेव्हा मला थांबून विचार करावा लागला की ज्या वायरीला मी दोन वेळा दोषी ठरवले, तिच्यावर मुळात ओढ येतेच का.

हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. पूर्णप्रवाही फिल्टर बसवलेल्या इंजिनात पंपाने ढकललेले तेल बेअरिंगांकडे जाण्याआधी फिल्टरमधून जाते. म्हणजेच फिल्टरचे गॅस्केट हे संपूर्ण दाब झेलणारा सांधा बंद ठेवणारे रबराचे एक कडे आहे, आणि त्याच्या पलीकडे थेट बाहेरची हवा आहे. लायकॉमिंगच्या ओ-३२० किंवा ओ-३६० सारख्या इंजिनांत साधारणपणे ८ क्वार्ट, म्हणजे सुमारे साडेसात लिटर तेल असते. गॅस्केट जागेवरून सरकून बाहेर आले, तर हा सगळा साठा काही मिनिटांत रिकामा होऊ शकतो आणि त्यानंतर इंजिन फार काळ साथ देत नाही.

म्हणून आधी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. फिल्टर जागेवर धरून ठेवण्याचे काम सेफ्टी वायरचे नाही. फिल्टर घट्ट करताना गॅस्केट दाबले जाते, दाबलेले रबर परत उसळू पाहते, त्या उसळीमुळे आट्यांवर ताण येतो आणि त्या ताणातून निर्माण होणारे घर्षण फिल्टरला फिरू देत नाही. वायर ही त्यानंतरची राखीव फळी आहे. हा ताण काही कारणाने कमी झालाच, तर फिल्टर पूर्ण उलगडून पडू नये एवढ्यासाठी ती असते. वायर वारंवार सैल किंवा तुटलेली सापडत असेल, तर याचा अर्थ असा की फिल्टर तिच्यावर भार टाकतो आहे, आणि तो भार टाकतो याचे कारण गॅस्केटची पकड अपुरी आहे. शोध तिथून सुरू करायला हवा.

गळती फिल्टरचीच आहे का

हे गृहीत धरू नये. काऊलिंगच्या आतली हवा तेलाला मागे आणि खाली नेते, त्यामुळे जिथे ओल दिसते तिथून गळती सुरू झालेली असेलच असे नाही. फिल्टरच्या आसपास व्हर्नाथर्मचे (तेलाचे तापमान नियंत्रित करणाऱ्या झडपेचे) गॅस्केट, तेलाच्या तापमानाचा सेन्सर, टॅकोमीटर ड्राईव्हचे सील, मॅग्नेटोच्या बुडाचे गॅस्केट आणि व्हॅक्यूम पंपाची बैठक अशा अनेक जागा असतात, आणि यांतून कुठूनही झिरपलेले तेल शेवटी फिल्टरच्या कडेला येऊन थांबते. इंजिनाचा मागचा भाग मिनरल स्पिरिटने धुऊन पूर्ण कोरडा करावा, संशयित सांध्यांवर पांढऱ्या पावडरीचा पातळ थर द्यावा, इंजिन काही मिनिटे चालवावे आणि बंद करून लगेच पाहावे. सर्वांत वर आणि सर्वांत पुढे जो ओला ठिपका असेल, तोच उगम समजावा. त्याखालचे सगळे ओघळच असतात.

फिल्टर ज्यावर बसतो तो अडॅप्टर किंवा कन्व्हर्टर प्लेट हा वेगळा सांधा आहे, आणि सर्वांत जास्त फसवणूक तिथे होते. लायकॉमिंग इंजिनांत या प्लेटच्या आणि ॲक्सेसरी हाऊसिंगच्या (इंजिनाच्या मागच्या आवरणाच्या) मधले गॅस्केट बाहेर सरकून तेल जाण्याचे प्रकार घडले, म्हणून अमेरिकेच्या एफएए या विमानवाहतूक नियामक संस्थेने २००० साली तातडीचा आणि २००२ साली त्याच्या जागी दुसरा एअरवर्दीनेस डायरेक्टिव्ह, म्हणजे पाळणे बंधनकारक असलेला सुरक्षा निर्देश, काढला. सेसनाच्या अनेक विमानांवरील फिल्टर अडॅप्टरसाठी १९९६ चा ९६-१२-२२ हा निर्देश आहे, आणि काँटिनेंटल इंजिनांवर नंतर बसवल्या गेलेल्या काही अडॅप्टरांसाठी २०२२ चा २०२२-०४-०४ हा निर्देश आहे. तेलाअभावी इंजिनाची शक्ती गेल्याने झालेल्या अपघातांनंतर निघालेल्या या २०२२ च्या निर्देशात फायबरचे गॅस्केट काढून तांब्याचे बसवायला सांगितले आहे. आपल्या इंजिनाला आणि अडॅप्टरला यांपैकी काय लागू होते ते नोंदवहीत तपासल्याशिवाय फिल्टरला हात लावण्यात अर्थ नाही, कारण अडॅप्टरच सुटत असेल तर फिल्टर कितीही वेळा बदलला तरी ओल तशीच राहील.

एक रेघ आणि तिचे तीन तुकडे

मला सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे टॉर्क सीलची, म्हणजे वाळून ठिसूळ होणाऱ्या खुणेच्या रंगाची बाटली. फिल्टर बसवून झाला की फिल्टरच्या डब्यावरून सुरू होऊन अडॅप्टरवरून जाणारी आणि इंजिनाच्या हाऊसिंगवर संपणारी एक सलग रेघ ओढावी. केवळ फिल्टर आणि अडॅप्टर यांच्यामध्ये ती ओढणे पुरेसे नाही, कारण वायर अडॅप्टरलाच बांधलेली असेल, तर अडॅप्टर सुटताना फिल्टर, वायर आणि अडॅप्टर असे तिन्ही एकत्र फिरतात, वायर तंतोतंत ताठ राहते आणि आपण सारे ठीक आहे असे समजून काऊलिंग बंद करतो. वर उल्लेखलेल्या १९९६ च्या निर्देशातही अडॅप्टर, त्याचा नट आणि हाऊसिंग यांवर अशीच खूण लावून ती सरकली आहे का हे वेळोवेळी पाहायला सांगितलेले आहे.

दहा तासांनी रेघ पाहावी. फिल्टर आणि अडॅप्टर यांच्या सांध्यावर ती तुटली असेल, तर फिल्टर फिरला आहे. अडॅप्टर आणि हाऊसिंग यांच्या सांध्यावर तुटली असेल, तर फिल्टर निर्दोष आहे आणि काम अडॅप्टरवर आहे. रेघ अखंड असूनही ओल असेल, तर काहीही फिरलेले नाही आणि दोष गॅस्केटमध्ये, त्याच्या बैठकीत किंवा आणखी वरच्या एखाद्या सांध्यात आहे. आमच्या विमानात ती फिल्टर आणि अडॅप्टर यांच्या मध्ये जेमतेम दोन मिलिमीटर सरकलेली होती. दिसायला ही हालचाल नगण्य होती, पण तिने सगळा शोध एका दिशेला वळवला.

बैठक

फिल्टर काढताना आधी टोकाला छोटे छिद्र पाडून आतले तेल भांड्यात निथळू द्यावे, म्हणजे ते मॅग्नेटोवर सांडत नाही आणि पुढची गळती शोधताना जुन्या तेलाचा गोंधळ राहत नाही. फिल्टर निघाल्यावर पहिली नजर त्याच्या बुडाकडे टाकावी: त्याचे गॅस्केट त्याच्यासोबत आले आहे का? ते अडॅप्टरला चिकटून मागे राहिले असेल, तर काळ्या तेलाने माखलेल्या धातूवर काळे रबर डोळ्यांना दिसत नाही. म्हणून बैठक पुसून झाल्यावर मी तिच्यावरून नख गोल फिरवतो; धातूवर ते सरळ घसरते आणि रबराच्या कडेला अडते. जुन्या गॅस्केटवर नवे बसले, तर जमिनीवरच्या संथ चाचणीत ते बहुधा टिकते आणि पूर्ण दाबाखाली उड्डाणात सरकते, म्हणून ही चूक चाचणीवर सोडून चालत नाही.

नखालाच ओरखडे आणि खड्डेही कळतात. स्क्रूड्रायव्हरने खरवडून काढलेल्या जुन्या गॅस्केटने बैठकीवर त्रिज्येच्या दिशेने एखादी रेघ सोडलेली असेल, तर ती तेलासाठी आयती वाट ठरते. खाली पडलेला किंवा पोचा आलेला नवा फिल्टर वापरू नये, तो कितीही चांगला दिसला तरी.

कोरडे गॅस्केट

आमच्या विमानातला मूळ दोष इथे सापडला, आणि तो माझ्याच काळजीतून आलेला होता. बैठक पुसण्यासाठी मी सॉल्व्हंटमध्ये भिजवलेले फडके वापरत असे, आणि स्वच्छतेच्या भरात त्याच फडक्याने नव्या फिल्टरचे गॅस्केटही पुसून घेत असे. त्यावर पुन्हा काही लावत नसे. त्यामुळे गॅस्केट बैठकीला टेकताक्षणी धरून बसे, फिरण्याऐवजी ओढले जाई, आणि टॉर्क रेंचवर दिसणाऱ्या आकड्याचा मोठा भाग रबर आणि धातू यांच्यातल्या घर्षणातच खर्ची पडे. रेंच योग्य जागी टिचकी देत होता, पण गॅस्केट पुरेसे दाबले गेलेले नव्हते. मग इंजिनाची उष्णता आणि कंपने मिळाली की ओढले गेलेले रबर सैलावत असे आणि उरलीसुरली पकडही जात असे.

गॅस्केटच्या संपूर्ण पृष्ठभागावर मूळच्या डाऊ कॉर्निंगच्या डीसी-४ या सिलिकॉन संयुगाचा पातळ, सलग थर बोटाने लावावा. काही पुस्तिका स्वच्छ इंजिन ऑईल चालते असे सांगतात. आपल्या फिल्टरवर आणि इंजिनाच्या पुस्तिकेत जे लिहिलेले असेल ते पाळावे. माझा कल मात्र डीसी-४ कडे आहे, कारण ते उष्णतेने वाळून चिकट होत नाही आणि पुढच्या वेळी फिल्टर काढताना गॅस्केट बैठकीला धरून राहत नाही. आट्यांना हे लावू नये. आटे केवळ स्वच्छ आणि अखंड असावेत. काही फिल्टरांत आटे आतून असतात आणि अडॅप्टरला खुंट असतो, तर काहींत खुंट फिल्टरलाच असतो. दोन्ही बाबतींत फिल्टर शेवटपर्यंत हाताने सहज फिरायला हवा. मध्येच अडखळला, तर पाना चढवू नये, काढून पाहावे.

टॉर्क आणि पान्याची लांबी

विमानांच्या प्रचलित फिल्टरांवर १६ ते १८ फूट-पौंड, म्हणजे साधारण २२ ते २४ न्यूटन-मीटर हा टॉर्क छापलेला असतो. तो फिल्टरच्या टोकाला जोडलेल्या एक इंची षटकोनावर द्यायचा असतो. डब्याला पट्टा लावून अंदाजाने घट्ट करणे म्हणजे टॉर्क देणे नव्हे. अडचण अशी असते की फिल्टर आणि फायरवॉल यांच्यामध्ये सॉकेट सरळ लावण्याइतकी जागा बऱ्याचदा नसते, आणि मग आपण रेंचला आडवा तोंडपाना जोडतो. जोडलेला पाना रेंचच्या दांड्याच्या रेषेत पुढे आला, तर भुजा लांबते आणि फिल्टरला मिळणारा टॉर्क रेंचवर दिसतो त्यापेक्षा जास्त असतो. समजा रेंचच्या चौकोनी खुंटापासून मुठीच्या मध्यापर्यंत २५ सेंटिमीटर अंतर आहे आणि पाना ५ सेंटिमीटर पुढे येतो. अशा वेळी १७ फूट-पौंड हवे असतील, तर रेंच १७ गुणिले २५ भागिले ३०, म्हणजे सुमारे १४.२ वर लावायला हवा. तो १७ वरच ठेवला, तर फिल्टरवर प्रत्यक्षात २०.४ फूट-पौंड पडतात आणि मर्यादा ओलांडली जाते. पाना दांड्याशी काटकोनात लावता आला, तर ही दुरुस्ती करावी लागत नाही, म्हणून जागा असेल तिथे तसाच लावावा.

झिरपणारा फिल्टर मर्यादेपलीकडे घट्ट करण्याचा मोह मला समजतो, पण त्यातून काही साधत नाही. अति दाबलेले रबर उसळी गमावते, फिल्टरचे बूड वाकू शकते, आणि पुढच्या वेळी तो काढताना षटकोन किंवा अडॅप्टरचे आटे जातात. झिरपतो आहे म्हणजे तो काढून पाहायचा आहे.

वायर

आता वायरकडे वळू. फिल्टरच्या षटकोनाकडून पाहिले असता घड्याळाच्या काट्याच्या दिशेने तो घट्ट होतो, म्हणून वायरीची ओढही त्याच दिशेने असावी लागते. साधारणपणे ०.०३२ इंच जाडीची स्टेनलेस पोलादाची वायर, दोन तारांच्या पिळाने, दर इंचाला सहा ते आठ पीळ अशी मारतात. शेवटचे शेपूट पाव ते अर्धा इंच, तीन ते सहा पिळांचे ठेवून आत वळवतात. वायर चपखल असावी, पण सतारीच्या तारेसारखी झणझणेपर्यंत ताणू नये. अति ताणलेली आणि अति पिळलेली वायर कंपनांनी कडक होऊन तुटते, आणि आमच्या विमानातली तिसरी वायर नेमकी याच कारणाने तुटली होती. काढलेली वायर पुन्हा वापरू नये. भोके जुळत नसतील तर फिल्टर मागे फिरवू नये. १६ ते १८ च्या पट्ट्यात पुढे नेऊन जुळवावा किंवा षटकोनाचे दुसरे भोक निवडावे.

भोक निवडताना मात्र एका गोष्टीकडे बहुधा दुर्लक्ष होते. वायर फिल्टरच्या स्पर्शरेषेत ओढायला हवी, त्रिज्येत नव्हे. कागदावर मांडून पाहा: षटकोनाचे भोक केंद्रापासून १५ मिलिमीटरवर आहे आणि वायर बांधायची जागा केंद्रापासून ६० मिलिमीटरवर आहे. वायर केंद्रातून सरळ बाहेर गेल्यासारखी मारली असेल, तर तिच्यातली केवळ सव्वा मिलिमीटरची ढील फिल्टरला जवळजवळ २० अंश फिरू देते. तीच वायर षटकोनाला वळसा घालून बाजूने ओढली, तर तेवढ्याच ढिलीत फिल्टर सुमारे ५ अंशच फिरतो. माझी वायर पहिल्या प्रकारची होती, कारण ते भोक हाताला सोयीचे होते.

परंतु हेही खरे की इंचाला १६ आटे असलेला फिल्टर २० अंश फिरला, तरी तो बैठकीपासून एक दशांश मिलिमीटरही उचलला जात नाही. नीट दाबलेले गॅस्केट एवढ्या उचलण्याने झिरपत नाही. ते झिरपले, याचाच अर्थ त्याच्यात मुळात दाब फारसा नव्हता. वायरीचा कोन चुकला होता हे मी मान्य करतो, तरी त्या चुकीने गळती निर्माण केली नव्हती, केवळ फिल्टरला फिरायला जागा दिली होती.

ज्या फिल्टरांना षटकोन किंवा भोक नसते, त्यांच्यासाठी हौशी बांधणीच्या विमानांत डब्याभोवती होज क्लॅम्प बसवून त्याला वायर बांधण्याची पद्धत आहे. ती करायची झाल्यास क्लॅम्प डब्याच्या घट्ट, बुडाजवळच्या भागावर असावा, पत्रा दबेल इतका आवळू नये आणि वायर बांधण्याचे ठिकाण स्क्रूच्या डोक्यावर नव्हे तर पट्ट्यावर भक्कम असावे. रोटॅक्सच्या ९१२ मालिकेसारख्या इंजिनांचा फिल्टर हाताने, गॅस्केट टेकल्यानंतर पुस्तिकेत दिलेल्या कोनाएवढा फिरवून बसवायचा असतो. तिथे वरचा फूट-पौंडांचा आकडा लावू नये. प्रमाणित विमानावर मात्र मंजूर नसलेला क्लॅम्प आपल्या मनाने बसवता येत नाही.

बसवल्यानंतर

इंजिन संथ गतीवर चालवून तेल गरम होऊ द्यावे, बंद करून फिल्टरचा संपूर्ण घेर आरशाने पाहावा आणि बुडाखाली कोरडा पांढरा कागद फिरवावा. मग पहिल्या उड्डाणानंतर आणि साधारण दहा तासांनी काऊलिंग उघडून रेघ पाहावी. लायकॉमिंगच्या सर्व्हिस बुलेटिन ४८० नुसार फिल्टर असलेल्या इंजिनाचा तेलबदल ५० तासांनी किंवा चार महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा करायचा असतो. कमी उडणाऱ्या विमानात चार महिन्यांची ही अट विसरली जाते आणि गॅस्केट बैठकीवर वर्षभर भाजत राहते. नोंदवहीत केवळ फिल्टर बदलला असे न लिहिता दिलेला टॉर्क, गॅस्केटला काय लावले आणि जुने गॅस्केट फिल्टरसोबत निघाले हे पाहिले, एवढे लिहावे. आमच्या विमानाच्या आधीच्या तीन नोंदींत यांतले काहीच नव्हते, म्हणून कोरड्या गॅस्केटपर्यंत पोहोचायला मला दीडशे उड्डाणतास लागले. चौथ्या वेळी गॅस्केटला डीसी-४ लावून, रेंच दुरुस्त आकड्यावर ठेवून, वायर बाजूच्या भोकातून मारली. दहा तासांनी रेघ अखंड होती, आणि ५० तासांनी फिल्टर काढताना त्याचे बूड कोरडे होते.